पाण्याचा ढीग

अन्याय झाला तो आमच्या ढीगबाईंवर, आणि तो झाला दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, सकाळची प्रार्थना चालू असताना. मैदानात पोरं डोळे मिटून उभी होती, आणि मांडववाल्याची माणसं विज्ञानाच्या खोलीतली टेबलं उचलून व्हरांड्यात आणून टाकत होती.

हे वाक्य पत्रकासारखं वाटलं ना? वाटणारच. मला दुसरं काही लिहिता येत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो ते पोटासाठी. बाकीचा वेळ बसथांबे, गटारी, शाळा यांच्यासाठी पत्रकं काढतो. अन्याय कुणावर, केव्हा, हे वर. आमची मागणी काय, हे खाली. मधली जागा विशेषणांनी भरायची. एवढंच माझं साहित्य. बाईंनी वरची ओळ वाचली असती तर म्हणाल्या असत्या, "अन्याय दिसला व्हय तुला? न्हाय. टेबलं दिसली. मग टेबलं लिही."

कंग्राळीच्या बाजूला, ऊस संपून बेळगाव सुरू व्हायच्या आधी, आमची मराठी शाळा आहे. तिथं ढीगबाई आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायच्या. राहायला वडगावात, घर साड्या विणणाऱ्यांचं. मागांच्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झाल्यामुळं त्यांना हळू बोलणं हा प्रकार माहीत नव्हता. त्यांनी एखाद्याच्या कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या कन्नडच्या तासाला ऐकू जायचं आणि तिकडून हसण्याचा आवाज यायचा. उंचीनं कमी, बाकी सगळ्या बाजूंनी भरपूर. 'ढीगबाई' हे नाव त्यांच्या अंगापिंडावरून पडलं असं नवीन पोरांना वाटायचं. तसं नव्हतं. ते नाव माझ्यामुळं पडलं, आणि तेवढा एकच ठसा मी त्या शाळेवर उमटवून गेलोय.

द्रव्य म्हणजे काय, हे बाईंनी आम्हाला दोन प्रश्नांत शिकवलं. वजन लागतंय का? जागा अडवतंय का? दोन्हीला होय, तर ते द्रव्य. मग तो धोंडा असो, ताक असो, नाहीतर सायकलच्या ट्यूबमधली हवा. हवेला वजन असतं हे आम्हाला पटेना, तेव्हा त्यांनी एका काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधले, काठी मधोमध दोऱ्यानं टांगली आणि एक फुगा सुईनं फोडला. फुगलेल्या फुग्याची बाजू खाली गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "टाळ्या हवेला वाजवा. मी काय केलं न्हाय."

हे प्रश्न बाई पुस्तकापुरते ठेवत नसत. आमच्या वर्गातला एकजण गृहपाठ न करता आला आणि म्हणाला, "बाई, लई टेन्शन हाय."

"टेन्शनला वजन लागतंय काय रं?"

"व्हय बाई. छातीवरच बसलंय."

"मग उतरून ठेव ह्या टेबलावर. जागा किती अडवतंय बघू."

वर्ग हसला, तोही हसला. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी त्याला थांबवून घेतलं आणि घरात काय झालंय ते जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं. हे मला कसं माहीत? गृहपाठ मीही केला नव्हता आणि त्याच भिंतीला लागून उभा होतो.

आता माझा इतिहास. आठवीच्या चाचणीत प्रश्न आला, 'खालीलपैकी द्रव ओळखा.' दगड, साखर, तेल, लाकूड. मी साखरेवर खूण केली. मार्क गेला. मी पुस्तक घेऊन उभा राहिलो. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, ज्या भांड्यात ओतावं त्याचा आकार तो घेतो, असं छापलेलं होतं. साखर डब्यात ओतली तर डब्याचा आकार घेते, वाटीत ओतली तर वाटीचा. मग? बाई काही बोलायच्या आत मी निकाल दिला की हा अन्याय आहे. मधल्या सुट्टीत वर्ग गोळा केला आणि आम्ही मैदानाला फेरी मारली. "साखर द्रव आहे! आमचे मार्क द्या!" अर्ध्या पोरांनी तेलावर खूण केली होती, त्यांना मार्क मिळालेले होते, तरीपण तीही ओरडत होती. ऊस पिकवणाऱ्यांच्या पोरांनी साखरेच्या बाजूनं उभं राहायचं नाही तर कुणी?

हेडसर छडी घेऊन आले. बाई आडव्या आल्या. "सर, थांबा. मागणी हाय पोरांची. ऐकून तरी घेऊया." मग माझ्याकडं वळल्या. "काय रं पुढारी, उद्या घरनं मूठमूठभर आणा सगळ्यांनी. साखर, मीठ, रवा, वाळू, जे वततंय ते. बघूया कोण कोण द्रव हाय."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक मोठं ताट ठेवलं. एकेकानं आपली मूठ ओतायची. साखर ओतली, ढीग झाला. रवा ओतला, ढीग. वाळू, ढीग. माझी छाती फुगत चालली होती, कारण सगळं छान ओतलं जातंय एवढंच मला दिसत होतं. मग बाईंनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

"आता ह्याचा ढीग कर. केलास तर अख्ख्या वर्गाला मार्क."

मी तासभर पाण्याचा ढीग करत होतो. हळूहळू ओतून बघितलं, एकदम ओतून बघितलं, दोन्ही तळव्यांनी कडेनं गोळा करून बघितलं. मागून सल्ले येत होते, "अरं, गार पाणी घे, गार!" चड्डीपर्यंत भिजलो. शेवटी बाईंनी भिंग आणलं आणि साखरेचा एक दाणा दाखवला. त्याला कोपरे होते. "वतलीस तू साखर, पण ह्यातला एक तरी दाणा वाकला काय? प्रत्येकजण आपापला आकार धरून बसलाय. घोळक्यानं चाललंय म्हणून द्रव होत न्हाय." मग शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून कोण जाणे, मला ताट पुसायला लावलं आणि म्हणाल्या, "प्रश्न बरोबर हाय तुझा. उत्तर चूक. प्रश्नाला मार्क द्यायची सोय केलेली न्हाय, त्याला मी काय करू?"

त्या दिवसापासून त्या ढीगबाई. कुणीतरी जाऊन त्यांना सांगितलंच. त्या स्वतःकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाल्या, "बरोबरच हाय. वस्तुमान वाढलंय खरं."

बर्फ शिकवायचा असला की त्या वडगावातनं बर्फ घेऊन यायच्या. स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती मागावरच्या टाकाऊ सुताचा जाड गुंडाळा. दोन बस बदलून. कंडक्टरला सवय झाली होती. डब्याखाली ओल दिसली की तोच ओरडायचा, "बाई, तुमचा विषय गळायलाय!" उरलेला बर्फ बीकरमध्ये घालायचा, खाली स्पिरिटचा बारीक दिवा, आत थर्मामीटर, आणि आम्ही ढवळत ढवळत आकडे सांगायचे. शून्य. शून्य. शून्यच. दिवा चालू, बर्फ कमी होतोय, आकडा जागचा हलत नाही. आम्ही कंटाळायचो. बाई मात्र अशा बघत बसायच्या, जणू आत सिनेमा चाललाय. "हलत न्हाय म्हणून काय होत न्हाय असं समजू नका. सगळी उष्णता वितळायच्या कामात लागलीय. ते झालं की मग चढंल."

हे वाक्य मी पुढं बसथांब्याच्या सभेत वापरलं. म्हटलं, बंधूंनो, प्रशासन हलत नाही म्हणून निराश होऊ नका, उष्णता आत चाललीय! पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "ते खरं, पण बस किती वाजता हाय?"

कापराचा तास मात्र कुणाला कंटाळवाणा झाला नाही. बाईंनी कापूर तापवला, वर उपडं नरसाळं धरलं, आणि नरसाळ्याच्या आत पांढरी भुकटी जमली. मधे पाणी झालंच नाही. आम्ही गोंधळलो. बाई म्हणाल्या, "हे बघा. बेळगाव म्हंजे स्थायू, निपाणी म्हंजे द्रव, कोल्हापूर म्हंजे वायू. सगळ्या गाड्या निपाणीला थांबतात. कापूर ही नॉनस्टॉप गाडी." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग निपाणीच्या अलीकडचं संकेश्वर?" बाईंनी जरा विचार केला. "संकेश्वर म्हंजे लोणी. धड इकडं न्हाय, धड तिकडं न्हाय." आजही मी हायवेवर संकेश्वर ओलांडताना मऊ पडतो.

शाळा सुटली, मी चळवळीत पडलो, पण पत्रक छापायच्या आधी बाईंना दाखवायची खोड सुटली नाही. त्या लाल पेन घेऊन बसायच्या आणि एकेका शब्दाला विचारायच्या, "हा गुणधर्म हाय, का तुझं मत हाय? गंधक पिवळा, हा गुणधर्म. गंधकाचा वास घाण, हे मत. चालंल, पण मत म्हणून लिही." 'ज्वलंत प्रश्न' दिसला की, "पेटवून दाखव." 'निर्लज्ज अधिकारी' दिसला की, "लाज मोजायचं यंत्र कुठं ठेवलंयस?" एकदा मी पानभर लिहून नेलेल्यातलं त्यांनी एवढंच ठेवलं: 'सकाळी शाळेच्या वेळेला बस येत नाही. पोरी चालत येतात.' मी चिडलो. म्हटलं, बाई, ह्यात आग कुठाय? त्या म्हणाल्या, "पोरी चालत येतात. आणि काय आग पायजे तुला?" मी ते न ऐकता पानभरच छापलं. आठवडाभरानं चौकातल्या भेळवाल्यानं त्याच पत्रकात मला भडंग बांधून दिलं. 'निर्लज्ज' वर तेलाचा डाग पडला होता.

तर तो सोमवार. शाळेच्या कमिटीनं भलीमोठी स्क्रीन आणली होती, ती लावायला विज्ञानाची खोली घेतली. टेबलं व्हरांड्यात, बीकर आणि तराजू पोत्यात भरून जिन्याखाली. बाईंना सांगितलं, आता सगळे प्रयोग स्क्रीनवर दिसतील, हातानं करायची गरज नाही. त्याच वर्षी त्या रिटायर होणार होत्या. उरलेले महिने निवांत काढा, असंही कुणीतरी वर सुचवलं.

मला कळलं तसा मी पेटलो. (हे मत आहे.) माजी विद्यार्थी गोळा केले, कापडी फलक रंगवला, पत्रक काढलं: 'ढीगबाईंना न्याय द्या!' आणि शनिवारी सकाळी शाळेवर धडकलो. शाळेचे क्लार्क बाहेर आले, पत्रक उलटसुलट वाचलं आणि म्हणाले, "ह्या ढीगबाई कोण? असल्या नावाचं आमच्याकडं कोण न्हाय." आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरं नाव घालायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "म्हंजे विज्ञानाच्या बाई," मी म्हटलं. "मग तसं लिवा की," म्हणून ते आत गेले.

तेवढ्यात व्हरांड्यातून तो आवाज आला. "कोण बोंबलायलंय रं? वारं शिरायलंय, दिवा विझतोय!" बाई टाकून दिलेल्या टेबलांवरच आठवीचा तास घेत होत्या. बर्फ, पोत्यात जायचा वाचलेला एक बीकर, स्पिरिटचा दिवा. आम्हाला बघून म्हणाल्या, "आलाच हाईसा तर उपयोग करूया. तिकडं हुबं ऱ्हावा. आडोसा करा. तो फलक जरा खाली धर." आणि आमच्या मोर्च्यानं 'न्याय द्या' लिहिलेलं कापड दिव्याभोवती धरलं. आमच्या आजवरच्या आंदोलनांपैकी तत्काळ फळ मिळालेलं हे एकमेव.

पोरं ढवळत होती, आकडा सांगत होती. शून्य. शून्य. आणि एक पोरगी वैतागून म्हणाली, "बाई, ह्यो बर्फ बिघडलाय."

"का गं?"

"स्क्रीनवरचा कसा झटदिशी वितळला. आकडा बी वर गेला लगेच. ह्यो नुसता बसलाय."

बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. त्यांनी स्क्रीनवर जे बघितलं होतं ते भरभर पळवलेलं होतं, आणि त्यांच्या मनात तोच खरा बर्फ होता. समोरचा, हात गार करणारा, तो खराब माल.

ती पोरगी माझी धाकटी बहीण श्रावणी. मी तालुकाभर न्याय मागत फिरत होतो आणि घरात माझ्या शेजारी जेवणाऱ्या पोरीला बर्फ किती वेळात वितळतो हे माहीत नव्हतं.

बाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. "पुढारी, माझं नाव काढ त्यातनं. माझं काय गेलं? मी चालले उद्या घरी. गेलं ते हिचं." मग श्रावणीचा हात धरून बीकरला लावला. "बिघडला न्हाय गं. खरा असला की वेळ लागतोय. ढवळ."

मी तडक कमिटीच्या चेअरमनना गाठलं. म्हटलं, अण्णा, ही खोली परत द्या. ते काही वाईट माणूस नव्हेत. शांतपणे म्हणाले, "स्क्रीन सगळ्या पालकांनी मागितली. खोली एकानं बी मागितली न्हाय. जूनच्या पालकसभेत मागू देत की, देतो." मी आवाज चढवायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "स्क्रीनसाठी पहिला हात कुणी वर केला म्हाईत हाय? तुझ्या वडिलांनी."

घरी आल्यावर बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मोठी हाय रं. आपल्या टीव्हीच्या चौपट."

निकालाच्या दिवशी बाईंचा निरोप झाला. शाल, नारळ, आणि माझं भाषण. त्यात मी 'ज्ञानाचं धगधगतं अग्निकुंड' म्हणालो तेव्हा बाईंनी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, गहिवरल्या. नंतर मी त्यांची पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत गेलो. त्या हुबळीला लेकीकडं राहायला निघाल्या होत्या.

"बाई, सभेला तुम्ही या."

"मी कोण? रिटायर. तू बी पालक न्हाईस. तुझी घोषणा तिथं चालायची न्हाय."

"मग?"

"ज्यांची पोरं हाईत त्यांनी उठून मागायचं. आपापल्या तोंडानं. तू फक्त त्यांना तिथवर आण." बस आली. चढताना मागं वळून, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि पत्रक आखूड काढ!"

बस गेली. आता कंडक्टरला ओरडायला काही उरलं नाही. शाळेला नवीन विज्ञानशिक्षक अजून मिळालेला नाही. पोती जिन्याखालीच आहेत; त्यातली किती काच शाबूत आहे, हे उघडल्याशिवाय कळणार नाही.

सुट्टीभर मी घरोघरी फिरलो. कुणी म्हणालं, आमच्या पोराला मार्क हाईत की चांगले. कुणी म्हणालं, चहा घे आणि जा. बाबांशी पंधरवडाभर वाद घातला. शेवटी श्रावणीनंच फ्रीजमधला बर्फ वाटीत घेऊन त्यांना समोर बसवलं आणि वितळेपर्यंत उठू दिलं नाही. त्यानंतर ते म्हणाले, "बरं. उठीन मी सभेत. पण एकटा न्हाय उठायचो. एकटा उठलो तर लोक हसत्यात."

आमची मागणी अशी. तुमचं पोर आमच्या शाळेत असेल तर जूनच्या पालकसभेला या, माझ्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, आणि ते उठले की तुम्हीही उठून एवढंच म्हणा: खोली परत द्या. तुम्ही लांबचे असाल, अनगोळचे, संकेश्वरचे, निपाणीचे, कुठलेही, तर याच आठवड्यात आपल्या पोराच्या शाळेत जा आणि म्हणा, प्रयोगाची खोली दाखवा. कुलूप असेल, तर किल्ली सापडेपर्यंत तिथून हलू नका.